साइट डाउन आहे की आपलं नेट? अपटाइम आणि रिस्पॉन्स टाइम कसा मोजतात

पेट्रोल पंपावर क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत बसलं. मागे गाड्यांची लाइन. पंपावरचा पोरगा म्हणतो, "नेटचा प्रॉब्लेम असेल, परत मारा." आता परत मारायचं का? पैसे दोनदा कापले गेले तर? आणि मुळात बंद काय आहे? तुमचं नेट, ॲप, तुमची बँक, पंपवाल्याची बँक, की अख्खं यूपीआय?

मित्रांनो, याचं उत्तर त्या क्षणी कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसत असतं. कारण अशा प्रत्येक मोठ्या सेवेवर चोवीस तास नजर ठेवणारी यंत्रणा चालू असते. तिलाच अपटाइम मॉनिटरिंग म्हणतात. ही यंत्रणा कशी चालते, तिचे आकडे कसे वाचायचे आणि ते आपल्याला कुठे फसवतात, ते आज पाहूया. शेवटी स्वतःच्या साइटवर फुकटात मॉनिटर कसा लावायचा तेही सांगितलं आहे.

अपटाइम म्हणजे काय?

सेवा जितका वेळ चालू होती, त्याला एकूण वेळेने भागायचं आणि १०० ने गुणायचं. झाला अपटाइम. बंद असलेल्या वेळेला डाउनटाइम म्हणतात. गणित पाचवीतलं आहे, पण आकडा वाचताना भलेभले गडबडतात.

९९ टक्के ऐकायला दहावीच्या मार्कांसारखं भारी वाटतं. पण ३० दिवसांच्या महिन्याचा हिशोब करून बघा:

९९ टक्के अपटाइम: महिन्यात ७ तास १२ मिनिटं बंद
९९.९ टक्के: महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद
९९.९९ टक्के: महिन्यात ४ मिनिटं १९ सेकंद बंद
९९.९९९ टक्के: महिन्यात जेमतेम २६ सेकंद बंद

म्हणून या क्षेत्रातले लोक टक्के न बोलता नऊ मोजतात. "आमचे तीन नऊ आहेत" म्हणजे ९९.९ टक्के. पुढचा प्रत्येक नऊ मिळवणं आधीच्यापेक्षा खूप महाग पडतं. दुसरा सर्व्हर, दुसऱ्या शहरातलं डेटा सेंटर, रात्रपाळीला जागे इंजिनिअर, असा खर्च वाढत जातो.

होस्टिंग कंपन्यांच्या जाहिरातीत ९९.९ टक्क्यांची गॅरंटी दिसते, ती नीट वाचा. बहुतेक करारांत गॅरंटी मोडली तर पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, एवढंच. तुमचं झालेलं नुकसान कुणी भरून देत नाही. आधी कळवून केलेलं मेंटेनन्स तर बऱ्याचदा डाउनटाइममध्ये धरतच नाहीत. शिवाय ती ४३ मिनिटं कधी येतील तेही करारात नसतं. पहाटे तीनला आली तर कुणाला पत्ताही लागत नाही. ॲडमिशनचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री अकराला आली तर एखाद्याचं वर्ष जाऊ शकतं. टक्केवारीत दोन्ही सारखीच दिसतात.

आणखी एक गंमत. यूपीआय पेमेंट एकट्या सर्व्हरवर चालत नाही. तुमचं ॲप, तुमची बँक, एनपीसीआयची मधली यंत्रणा, समोरच्याची बँक आणि मोबाइल नेटवर्क अशा किमान पाच कड्या लागतात. समजा प्रत्येक कडी ९९.९ टक्के चालते. पाचही एकाच वेळी चालू असण्याचं प्रमाण मात्र ९९.५ टक्क्यांवर येतं. म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून जास्त वेळ कुठली ना कुठली कडी तुटलेली. आणि पाचही जण छातीठोकपणे सांगणार की आमचा अपटाइम ९९.९ आहे. खोटं कुणीच बोलत नाही, पंपावर तुमचं पेमेंट तेवढं अडकतं.

मॉनिटर नक्की करतो काय?

मॉनिटर म्हणजे दूर कुठेतरी बसलेला एक प्रोग्राम. दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी तो तुमच्या साइटला विचारतो, "आहेस का?" उत्तर आलं की वेळ लिहून ठेवतो. नाही आलं तर ठरलेला वेळ, बरेचदा १० ते ३० सेकंद, वाट बघतो आणि मग नापास करतो.

विचारायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात साधी पिंग. यात मशीन जिवंत आहे एवढंच कळतं. दुकानाचा लाइट चालू दिसतोय, पण आत माल आहे का आणि गल्ल्यावर कुणी बसलंय का, ते कळत नाही. म्हणून दुसरी पद्धत, खरं पान मागवून बघायचं. त्यावर सर्व्हर तीन आकडी कोड देतो. २०० म्हणजे सगळं ठीक. ४०४ म्हणजे ते पान नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारताय, थांबा. ५०० च्या घरातले कोड म्हणजे चूक सर्व्हरच्या बाजूची. त्यात ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही आणि ५०४ म्हणजे मागच्या सर्व्हरने वेळेत उत्तरच दिलं नाही. पुढच्या वेळी स्क्रीनवर ५०३ किंवा ५०४ दिसला तर फोन रिस्टार्ट करू नका. तुमच्या फोनचा त्यात काही दोष नाही.

पण कोडही फसवतो. कित्येक साइट्स "सर्व्हर बिझी आहे, नंतर प्रयत्न करा" असं पान २०० कोडसकट पाठवतात. मॉनिटर खुश, माणूस वैतागलेला. यावर उपाय म्हणजे पानावर ठरावीक शब्द दिसतोय का तेही तपासायचं. निकालाच्या साइटवर "सीट नंबर" हा शब्द सापडला तरच पास. त्याच्याही पुढे जायचं तर प्रोग्रामकडून खऱ्या ग्राहकासारखं लॉगिन करून घ्यायचं, कार्टमध्ये वस्तू टाकायला लावायची, पेमेंटच्या पानापर्यंत न्यायचं. मोठी शॉपिंग ॲप्स हे सतत करत असतात.

दर किती वेळाने विचारायचं, हाही मुद्दा आहे. मॉनिटर दर ५ मिनिटांनी तपासत असेल आणि साइट मधल्या ४ मिनिटांत पडून उठली, तर रिपोर्टमध्ये १०० टक्के अपटाइम येईल. वर पाहिलं की ९९.९९ टक्के म्हणजे महिन्याला सव्वाचार मिनिटं. म्हणजे पाच मिनिटांच्या अंतराने तपासणारा कुणी "आमचे चार नऊ" म्हणाला तर त्याला ते मोजताच आलेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

एकाच ठिकाणाहून तपासूनही चालत नाही. सर्व्हर ठणठणीत असतो पण तिथपर्यंतचा रस्ता तुटलेला असतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, आठवतंय? आपल्याकडे रात्री नऊ वाजून गेल्यावर सुरू झालं. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं नेटवर्क तुटलं. त्यामुळे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. मशीन चालू होती, पत्ता सांगायला कुणी नव्हतं. कंपनीच्या आतली टूल्सही त्याच नेटवर्कवर अवलंबून होती, म्हणून दुरुस्तीला आणखी वेळ लागला.

हळू चालणं म्हणजेही बंदच

साइट उघडतेय, पण वीस सेकंदांनी. मॉनिटरच्या लेखी ती "अप" आहे. तुम्ही मात्र कधीच बॅक मारून निघून गेलेले असता. म्हणून अपटाइमच्या जोडीला रिस्पॉन्स टाइम मोजतात, म्हणजे विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ. तो मिलिसेकंदात असतो. १,००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.

जेकब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये दिलेल्या तीन मर्यादा आजही वापरतात. ०.१ सेकंदाच्या आत झालेली गोष्ट लगेच झाल्यासारखी वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची तंद्री मोडत नाही. १० सेकंदांनंतर माणसाचं लक्षच उडतं. फोन बदलले, नेट बदललं, माणसाचा मेंदू काही अपडेट झालेला नाही.

या वेळेत काय काय येतं? आधी नावावरून पत्ता शोधणं. मग सर्व्हरशी जोडणी. मग कुलपाच्या चिन्हाची, म्हणजे सुरक्षित कनेक्शनची बोलणी. मग सर्व्हरचा विचार करण्याचा वेळ आणि शेवटी उत्तर डाउनलोड होणं. चांगला मॉनिटर हे तुकडे वेगवेगळे दाखवतो. पत्ता शोधायलाच दोन सेकंद लागत असतील तर सर्व्हरची रॅम वाढवून उपयोग नाही.

यातला एक तुकडा पैसे टाकूनही एका मर्यादेखाली जात नाही, तो म्हणजे अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया, जिथे जगातली कितीतरी डेटा सेंटर्स आहेत, सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. नुसतं जाऊन यायलाच १३० मिलिसेकंद. नवीन कनेक्शनला अशा किमान तीन फेऱ्या होतात, म्हणजे पान दिसायला लागण्याआधीच ४०० मिलिसेकंदांच्या आसपास गेले. आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. म्हणूनच ॲमेझॉनने २०१६ मध्ये क्लाउडचं केंद्र मुंबईत उघडलं, तेव्हा इथल्या ॲपवाल्यांना त्याचं एवढं अप्रूप होतं.

आता सगळ्यात मोठी फसवणूक: सरासरी. समजा दहा जणांनी साइट उघडली. नऊ जणांना २०० मिलिसेकंद लागले आणि एकाला १० सेकंद. सरासरी येते १,१८० मिलिसेकंद. हा अनुभव दहापैकी एकालाही आलेला नाही! म्हणून पर्सेंटाइल वापरतात. सीईटी दिलेल्यांना हा शब्द वेगळा सांगायला नको. पी-९५ म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या या वेळेच्या आत झाल्या. पी-९९ म्हणजे ९९ झाल्या. उरलेला एक टक्का छोटा वाटतो, पण दहावीचे सुमारे १५ लाख विद्यार्थी दुपारी एक वाजता एकदम निकाल बघायला येतात, तेव्हा एक टक्का म्हणजे १५ हजार पोरं. कुठल्याही साइटने सरासरी रिस्पॉन्स टाइम मिरवला तर पी-९९ विचारा. चांगला असता तर त्यांनी तोच आधी सांगितला असता.

विचारपूस जास्त झाली आणि यूपीआय बसलं

नजर ठेवायला काही किंमत लागत नाही असं वाटतं. "चालू आहे का" एवढंच तर विचारायचं. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला सर्व्हरला काम पडतं.

१२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर काही तास यूपीआय अडखळलं. त्याआधी २६ मार्चलाही असंच झालं होतं. १२ तारखेच्या घटनेचं एनपीसीआयने शोधलेलं कारण वाचण्यासारखं आहे. यूपीआयमध्ये पेमेंट अडकलं की बँक मधल्या यंत्रणेला विचारते, "त्या व्यवहाराचं काय झालं?" काही बँकांच्या सिस्टिम हाच प्रश्न पुन्हा पुन्हा, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही, विचारत सुटल्या. या विचारपुशीचाच इतका लोड आला की खरी पेमेंट अडकायला लागली. पेमेंट अडकली की परत विचारपूस. म्हणजे घरातल्या आजारी माणसाला दर मिनिटाला उठवून "आता बरं वाटतंय का" विचारण्यातला प्रकार.

त्यानंतर नियम कडक झाले. एका व्यवहाराची स्थिती बँकेने २ तासांत जास्तीत जास्त ३ वेळा विचारायची. १६ जून २०२५ पासून पेमेंटला उत्तर द्यायची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आली आणि स्थिती सांगायची ३० वरून १० वर. १ ऑगस्टपासून आपल्यालाही एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. हा नियम आला तेव्हा मीम्स खूप फिरली, पण त्याच्यामागे ही गोष्ट आहे. निकालाच्या दिवशी आपण सगळे रिफ्रेशवर जे बोट दाबून धरतो ना, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

स्टेटस पेजवर विश्वास ठेवायचा का?

बहुतेक मोठ्या कंपन्यांचं स्टेटस पेज असतं. हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. बघायला सोपं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हिरव्याचा लाल बऱ्याच ठिकाणी माणूसच करतो, खात्री झाल्यावर. त्यामुळे ठिपका नेहमी उशिरा बदलतो. दोन, ते पेजही कुठल्यातरी सर्व्हरवरच असतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-३ ही स्टोरेज सेवा चुकीच्या कमांडमुळे पडली. तेव्हा त्यांचं स्टेटस पेज त्याच एस-३ वर अवलंबून असल्यामुळे सुरुवातीला अपडेटच करता येईना. शेवटी ट्विटरवर जाऊन सांगावं लागलं.

दुसरा मार्ग म्हणजे डाउनडिटेक्टरसारख्या साइट्स. या लोकांच्या तक्रारी मोजतात आणि त्या वेळेला एरवी किती येतात त्याच्याशी तुलना करतात. स्टेटस पेजच्या आधी इथे आलेख चढलेला दिसतो. मात्र लोक चुकीच्या दारावर पण तक्रार करतात. व्हॉट्सॲप बंद पडलं की जिओ आणि एअरटेलच्या नावानेही बोंब सुरू होते. आणि ही साइटही अमर नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास क्लाउडफ्लेअर कोसळलं, एक्स आणि चॅटजीपीटी उघडेनात, तेव्हा डाउनडिटेक्टरही त्याच्याच मागे असल्यामुळे अडकलं होतं.

यूपीआयसाठी एक चांगला स्रोत आहे, पण तो फार कमी लोक बघतात. एनपीसीआय दर महिन्याला बँकनिहाय आकडे टाकते. त्यात दोन रकाने असतात. बिझनेस डिक्लाइन म्हणजे चुकीचा पिन, बॅलन्स कमी, लिमिट संपली, अशा ग्राहकाकडच्या कारणांनी फेल. टेक्निकल डिक्लाइन म्हणजे बँकेची किंवा मधली यंत्रणा उत्तर देऊ शकली नाही म्हणून फेल. पेमेंटसाठी कुठलं खातं जोडायचं ते ठरवताना कॅशबॅकपेक्षा हा दुसरा रकाना बघा.

अडकलंच तर काय करायचं?

आधी मोबाइल डेटा आणि वायफाय अदलाबदल करून दुसरी एखादी साइट उघडा. तीही नाही उघडली तर नेट तुमचं. दुसरी उघडतेय आणि हीच नाही, तर ५०३ वगैरे कोड दिसतोय का बघा, मग डाउनडिटेक्टर आणि स्टेटस पेज.

पेमेंट "पेंडिंग" असेल तर लगेच दुसरं मारू नका. पंपावर घाई असेल तर दुसरं पेमेंट कॅशने किंवा कार्डने करा आणि पहिल्याचा यूटीआर नंबर स्क्रीनशॉटमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, माणसाला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून कापले पण समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी मुदत ५ दिवस. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही न मागता मिळायला हवी. नाही मिळाली तर ॲपमध्ये तक्रार, मग बँक आणि तिथेही ३० दिवसांत काम नाही झालं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

तुमची स्वतःची साइट असेल तर

कॉलेज फेस्टची साइट, पोर्टफोलिओ, काकांच्या कोकणातल्या होमस्टेचं बुकिंग पेज, काहीही असो. अपटाइमरोबोटवर अकाउंट काढा, साइटचा पत्ता टाका, अलर्टसाठी ईमेल द्या. फुकट प्लॅनमध्ये दर ५ मिनिटांनी तपासणी होते. थोडं टेक्निकल हात असेल तर अपटाइम कुमा हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर टाका, त्यात अलर्ट थेट टेलिग्रामवर घेता येतो. फक्त ते आणि साइट एकाच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर पडला तर सांगणाराही पडेल.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. नुसत्या पिंगऐवजी शब्द तपासणारा मॉनिटर घ्या, होमस्टेच्या पानासाठी "बुक करा" हा शब्द. एकदा फेल झालं की लगेच अलर्ट न पाठवता दोन-तीनदा परत तपासून मग पाठवायला सांगा, नाहीतर रात्री उगीच फोन वाजत राहील आणि चार दिवसांत तुम्ही अलर्टच म्यूट कराल. तिसरं, एसएसएल सर्टिफिकेट आणि डोमेन संपायची तारीख यांचीही आठवण लावा. छोट्या साइट्स हॅक होऊन बंद पडण्यापेक्षा डोमेनचे पैसे भरायचे राहिले म्हणून जास्त बंद पडतात, असं माझं तरी निरीक्षण आहे.

रेंडरसारख्या फुकट होस्टिंगवर साइट असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. १५ मिनिटं कुणी आलं नाही की ते सर्व्हर झोपवतात, आणि पुढच्या माणसाला तो जागा व्हायला मिनिटभर थांबावं लागू शकतं. दर ५ मिनिटांनी येणारा मॉनिटर त्याला झोपूच देत नाही. त्यामुळे तुमच्या आलेखात रिस्पॉन्स टाइम छान दिसेल, पण फुकट मिळणारे महिन्याचे तासही त्यात संपत जातील. एकाच अकाउंटवर दोन-तीन प्रोजेक्ट असतील तर महिना संपायच्या आतच सगळे बंद पडू शकतात, म्हणून कुठल्या साइटला मॉनिटर लावायचा ते आधी ठरवा.